मैदान उकरायचं नाही

सोसायटीत नव्यानं राहायला आलेला माणूस आधी लिफ्टबद्दल तक्रार करतो, मग पाण्याबद्दल, आणि दोन्हींवर कोणी काही करत नाही हे कळलं की माझ्याकडे येऊन विचारतो, "काका, समोरचं मैदान रस्त्यापेक्षा एवढं उंच कसं?" मी इथला मूळचा गाववाला, त्यातून निवृत्त शिक्षक, त्यातून दिवसभर बाकावर बसलेला, म्हणजे चौकशीची खिडकीच. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. एकाला सांगितलं, पुण्याच्या माणसाला पुढं आयुष्यभर सगळ्यांकडे वरून बघायचं असतं, मुलांना लहानपणापासून सराव हवा. दुसऱ्याला सांगितलं, मैदान जागच्या जागीच आहे, रस्ता शरमेनं खाली गेलाय. तिसरा संगणकवाला होता, त्याला म्हटलं खाली जुना किल्ला गाडलाय. तर त्या सद्गृहस्थानं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि रविवारी पोरं धातू शोधायचं यंत्र घेऊन हजर. तेव्हापासून बायकोनं मला इतिहास सांगायला बंदी केली आहे. खरं उत्तर उभ्या उभ्या, भाजीची पिशवी हातात धरून देण्यासारखं नाही. ते बसून लिहायला हवं, म्हणून बसलोय.

धायरीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमचं गाव होतं. होतं म्हणतो, कारण आता ते शहराच्या पोटात गेलंय आणि नाव तेवढं बसच्या पाटीवर उरलंय. त्या काळी गावाला ग्रामपंचायत होती आणि ग्रामपंचायतीला एक खोली होती. त्या खोलीतून आम्हाला काय काय मिळायचं? चावडीपाशी एक नळ, ज्याला पाण्यापेक्षा हवा जास्त यायची. खांबांवर दिवे, जे पंचायत लावायची आणि आम्ही पोरं दगडांनी फोडायचो. कौलांवर एक भोंगा, त्यातून सकाळी रेडिओच्या बातम्या आणि बाजारभाव साऱ्या गावाला ऐकावे लागायचे, झोपलेल्यालाही. आणि किसन शिपाई, जो गळ्यात हलगी अडकवून दवंडी द्यायचा. किसनचा आवाज असा की भोंगा बिघडलेला असला तरी कोणाच्या लक्षात यायचं नाही. सरपंचांना सगळे तात्या म्हणायचे. बुटके, गोरे, बोलताना समोरच्याच्या सदऱ्याची बटणं न्याहाळणारे. पंचायतीनं काही चांगलं केलं की तात्या स्वतः सांगायचे आणि काही बिघडलं की किसनला दवंडी द्यायला लावायचे.

गावाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या अलीकडं, एक मोठं मोकळं रान होतं. सगळे त्याला मैदान म्हणायचे. तांबडा मुरूम, त्यात खडे, मधे मधे उंचवटे. आमचं सगळं बालपण तिथंच सोलवटून निघालं. विटीदांडू, लगोरी, आणि मिसरूड फुटल्यावर कबड्डी. एवढी सपाट जागा गावाच्या नाकासमोर असून तिच्यात कोणी नांगर का घातला नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी अर्थशास्त्र शिकत होतो, त्यामुळं साधे प्रश्न पडायचे बंद झाले होते. तसे विचारण्यासारखं बरंच काही डोळ्यांसमोर होतं. गावात कुठंही शेणाचा पो पडला की कोणीतरी बाई पाटी घेऊन तयार. गोवऱ्या थापायला शेण पुरत नसे. मैदानावर पडलेलं शेण मात्र जागीच वाळून, भुगा होऊन उडून जायचं. बायका त्या रानात पाऊलच टाकायच्या नाहीत, बांधाबांधानं जायच्या. मी कॉलेजातल्या मित्रांना सांगितलं होतं की ग्रामीण स्त्रीला अंतराचं गणित कळत नाही. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तेही मळ्यात जाताना मैदानाला वळसा घालायचे. सरळ गेले असते तर विडी ओढून होण्याआधी मळ्यात पोचले असते. "आबा, मधून का जात न्हाई?" मी एकदा विचारलं. "तिकडून सवय हाय," ते म्हणाले. आबा फार बोलत नसत. दोन वाक्यं लागोपाठ बोलले तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची.

आईला आम्ही बाई म्हणायचो. आमचा मळा लहान. कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात. संध्याकाळी पडवीत पातीचा ढीग पडायचा आणि सगळं घर जुड्या बांधायला बसायचं. तो ओला, हिरवा वास अजून कधी मार्केट यार्डावरून जाताना आला की मी जिथं असेन तिथं क्षणभर थांबतो आणि मागचा दुचाकीवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. बाईच्या हाताला वेग होता. जुडी बांधता बांधता ती चुलीवरचं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं ढवळायची, मला ओरडायची आणि शेजारच्या गोदाआत्याशी भिंतीपलीकडून बोलायची. गोदाआत्या वयानं फार मोठी. सगळ्या गावाची आत्या. आबा एका कोपऱ्यात बसून जुड्या मोजायचे. त्यांच्या वयाचे सगळे पुरुष डोक्याला पटका बांधायचे. आबा तेवढे पांढरी टोपी घालायचे. त्याचा मला फार अभिमान होता. आमचे वडील कसे काळाच्या पुढं आहेत, हे मी मित्रांना त्या टोपीवरून पटवून द्यायचो. माणसाला आपल्या घरातलं जे काही माहीत नसतं, त्यावर तो किती आत्मविश्वासानं बोलू शकतो, हे मी त्या वयात वारंवार सिद्ध करत होतो.

तर कबड्डी. आमचा संघ बरा होता. पण मुरमावर खेळून आमचे गुडघे आणि कोपरं अशी सोललेली असायची की बाहेरगावी खेळायला गेलो की पंच आधी आमची विचारपूस करायचे. त्या वर्षी ठरलं, तालुक्याचे सामने आमच्या गावात घ्यायचे. अट एवढीच की मैदान नीट हवं. खडे काढलेले, सपाट, मऊ मातीचं. मी तरुण मंडळाचा सेक्रेटरी होतो. मंडळात लिहिता येणारे बरेच होते, पण लिहायला तयार असलेला मी एकटाच, म्हणून सेक्रेटरी. कालव्याच्या रस्त्याचं काम जवळच चाललं होतं, तिथला डोझर एक दिवस मिळण्याची तजवीज तात्यांनी केली. मैदान कमरेइतकं उकरायचं, खडे काढायचे, उंचवटे तोडायचे आणि मग नवी माती पसरायची. फक्त ग्रामसभेची मंजुरी हवी होती. मंजुरीसाठी भाषण हवं होतं. आणि भाषणासाठी, दुर्दैवानं, मी होतो.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. पुरुष पुढं, बायका मागं भिंतीला टेकून. मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेला गडी. गावाला काही उत्तेजन द्यायचं राहू नये म्हणून सगळी हत्यारं काढली. तरुणाईचं सळसळतं रक्त, मातीशी असलेलं नातं, उद्याचा भारत. आणि शेवटी हात उंचावून म्हणालो, "हे रान वर्षानुवर्षं असंच पडीक आहे. कोणाच्या उपयोगाचं नाही, कोणाच्या मालकीचं नाही. या जमिनीच्या पोटात दगडांशिवाय काहीही नाही!"

सगळी सभा गप्प झाली. एवढी गप्प की भोंग्याची खरखर ऐकू यायला लागली. मी मनात म्हटलं, याला म्हणतात वक्तृत्व. भिंतीपाशी बसलेल्या बायका एकेक करून उठल्या, पदर सारखे केले आणि निघून गेल्या. चुलीची वेळ झाली असणार, असं मी समजलो. आबा पुढच्या रांगेत होते. ते टोपी काढून तिच्या आत बघत बसले होते, जणू तिथं काही लिहिलंय. तात्यांनी माझ्या सदऱ्याच्या बटणांकडं बघत विचारलं, "कुणाचा इरोध?" कोणीच हात वर केला नाही. मंजूर.

त्या दिवशी बाईनं स्वयंपाक केला नाही. ती आडवी झाली होती, तोंड भिंतीकडं. मी सकाळची भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली आणि विचारलं, "बाई, भाषण कसं झालं?" ती तोंड न वळवता म्हणाली, "मोठ्यांदा झालं."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत डोझर आला. पिवळा, धूळ खाल्लेला; वर एक परगावचा ड्रायव्हर, तोंडात विडी. त्याच्यामागं गावातली झाडून सगळी पोरं. मी पुढं, हातात मंडळाची फाइल, जिच्यात काही नव्हतं. मैदानापाशी पोचलो तर बांधावर बायका बसलेल्या. गावातल्या जवळजवळ सगळ्या वयस्क बायका, ओळीनं, पाय मैदानात न सोडता, बांधाच्या बाहेरच्या अंगाला. कोणी ओरडत नव्हतं. हातात काही नव्हतं. मला वाटलं, यंत्र बघायला आल्या. मी प्रेमानं म्हणालो, "आत्या, जरा लांब बसा, धूळ उडंल."

गोदाआत्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकलो. तिनं माझा कान धरला. पिळला नाही, नुसता धरला, लहान पोराचा धरतात तसा. "दत्तू, शिकलास नव्हं तू? मग ऐक. खाली लेकरं हायती."

मला आधी कळलंच नाही. मी डोझरखाली वाकून बघितलं. तिथं कोणी नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणाच्या क्षणांना क्रम लावायचा झाला तर तो क्षण पहिल्या नंबराला जाईल, आणि स्पर्धा तगडी आहे.

मग आत्यानंच सांगितलं. पूर्वी गावात दवाखाना नव्हता. अंगावर पिणारी लेकरं तापानं, जुलाबानं, कशाकशानं जायची. दात न आलेल्या लेकराला अग्नी द्यायचा नाही, मातीत ठेवायचं, ही रीत. त्यासाठी हे रान. वर दगड, दगडावर बाभळीच्या काटेरी फांद्या, कुत्री येऊ नयेत म्हणून. काटे वाळून गेले, दगड कोणी बांधाला नेले, दवाखाना झाला, लेकरं जगायला लागली आणि जगलेली लेकरं त्याच रानात विटीदांडू खेळायला लागली. पोरं भ्यायला नकोत म्हणून त्यांना कोणी सांगितलं नाही. पुरुष तर आपसातही बोलत नसत. तात्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला तिथंच सांगितलं, "मला वाटलं तुला म्हाईत हाय, तुझ्या घरचं म्हणून." ते 'तुझ्या घरचं' माझ्या लक्षात यायला मात्र आणखी थोडा वेळ जावा लागला.

ऐकून मी मंडळाची फाइल मिटली, हे खरं. पण सेक्रेटरीपण गेलं नव्हतं. सेक्रेटरी माणूस अडचण आली की तोडगा काढतो. मी धावत शाळेत गेलो आणि फक्कीची बादली घेऊन आलो. मैदानावर रेघा मारायला आम्ही ती पांढरी पूड वापरायचो. बादली बांधावर ठेवली आणि सभेतल्या आवाजात, पण जरा नम्रपणे, म्हणालो, "आपल्या भावनांचा मंडळ आदर करतं. प्रत्येकीनं आपापली जागा दाखवा. मी तिथं फक्कीचा गोल मारतो. तेवढी तेवढी जागा सोडून यंत्र चालेल. वाटल्यास नंतर चौथराही बांधू."

कोणी हललं नाही. मी पहिल्या बाईकडं गेलो. तिनं मान खाली घातली. दुसरीनं पदर तोंडावर घेतला. मी मूठभर फक्की हातात घेऊन उभा, बोटांमधून ती गळतेय, बुटांवर पांढरा थर. तिसरी बाई म्हणजे माझी आई होती. तिला तिथं बघून मला वाटलं, शेजारणींना सोबत म्हणून आली असेल. "बाई, तू तरी सांग की यांना. नुसती जागा तर दाखवायचीय."

बाईनं माझ्याकडं बघितलं. "आमाला कुणी दावलीय?"

"म्हणजे?"

"बाईमाणसानं जायाचं न्हाई. पुरुष घिऊन जात्यात, येत्यात, अंघूळ करून जेवाय बसत्यात. वाढायचं आपुन. इचारायचं न्हाई." ती हे रागानं म्हणाली नाही. जुड्या बांधताना म्हणावं तसं म्हणाली. "त्या सुपाएवढ्या जागंसाठी सगळं रान सोडून चालतोय आमी, दत्तू. कुठं पाय पडंल त्याचा काय नेम?"

ती उठली. पलीकडं डोझरपाशी पुरुष उभे होते, त्यांच्यात आबा. आमच्या बाईला मी चारचौघांत आबांशी बोलताना कधी पाहिलं नव्हतं. जत्रेतसुद्धा ती त्यांच्या मागं पाच हात चालायची. ती बांधाबांधानं त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, कुठं ठेवलीय तिला?"

तिला. मला एक बहीण होती, हे मला असं कळलं. माझ्या बुटांवर फक्की होती आणि समोर डोझर घरघरत होता.

आबा मैदानात उतरले. मी त्यांना तिथं पाय ठेवताना प्रथमच पाहत होतो. सरळ मधोमध गेले, थांबले, ओढ्याकडं बघितलं, मग डोंगराकडं. दोन पावलं डावीकडं सरकले. पुन्हा ओढ्याकडं बघितलं. ड्रायव्हरनं न सांगता यंत्र बंद केलं. आबांच्या वहाणांखाली खडा करकरला तो ऐकू आला. ते परत मागं आले, एका जागी बसले, जमिनीवर तळवा ठेवला, उठले, आणखी पलीकडं गेले, तिथं बसले. मग उभे राहिले ते तिथंच. टोपी काढून हातात घेतली. "हितं एक बाभूळ हुती," ते म्हणाले. "बाभळीपस्नं मावळतीला. आता बाभूळच न्हाई." आणि बाईकडं बघून, "मला बी आता सांगता येत न्हाई गं."

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरू शकलो नाही. डोझरपाशी उभे असलेले आणखी काही म्हातारे मैदानात उतरले. पटके बांधलेले ते थोराड गडी, ज्यांना आम्ही फक्त शिव्या देताना आणि बैल हाकताना बघितलं होतं, ते त्या उन्हात हरवलेली वस्तू शोधावी तसे इकडून तिकडं फिरत होते. एकजण एका उंचवट्यापाशी थांबला, मान हलवून दुसऱ्याकडं गेला. दोघं एकाच जागी आले आणि एकमेकांकडं बघून बाजूला झाले. एकालाही नक्की सांगता आलं नाही. बांधावर बायका बघत होत्या. वर्षानुवर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपल्याला ठाऊक नसलं तरी घरात कोणाला तरी ठाऊक आहे. बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "टाक ती फक्की. हात धू."

तात्या पुढं आले. पहिल्यांदाच त्यांनी समोरच्यांच्या तोंडाकडं बघितलं. "उकरायचं न्हाई," ते म्हणाले. "सामने दुसऱ्या गावाला जाऊ द्यात. हितं खेळ बंद."

"बंद कशापायी?" हे बाई म्हणाली. चारचौघांत एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबायचं कारण उरलं नव्हतं. "खेळू द्या पोरास्नी. वर दंगा आसला म्हंजी त्यांस्नी एकटं वाटत न्हाई. इतकी वरसं त्योच तर आधार हुता."

"आन् खडं?" तात्या म्हणाले. "पोरांचं गुडघं बघा."

गोदाआत्या बांधावरूनच ओरडली, "आरं तात्या, खड्यांवर माती टाक की! सरपंच झालास आन् खालीच जायाला बघतोस? वर ये की जरा!"

सगळे हसले. रडता रडता हसण्याचा आवाज वेगळा असतो. मी तो नंतर फार थोड्या वेळा ऐकला. ड्रायव्हर यंत्र वळवून निघून गेला. संध्याकाळी किसनची हलगी वाजली: ऐका हो ऐका, मैदान उकरायचं नाही, हर घरटी आपल्या रानातली एक पाटी माती आणून मैदानावर टाकायची, आणि दरसाल टाकायची हो! पंचायतीनं त्या खोलीतून आम्हाला जे काही दिलं, त्यात मला विचाराल तर ही दवंडी सगळ्यांत वर. नळाला नंतर पाणीही आलं, पण ते काय, कोणीही आणलं असतं.

सामन्यांपर्यंतच्या दिवसांत बैलगाड्या, डोक्यावरच्या पाट्या, शाळेच्या पोरांची घमेली, अशी माती पडत राहिली. किसन बोट दाखवायचा तिथं लोक ढीग ओतायचे, मग आम्ही मंडळाची पोरं ती पसरायचो. आबा मळ्यातली माती घेऊन आले. काळी, चाळलेली. किसननं बोट दाखवलं तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. घमेलं काखेत धरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मूठ मूठ टाकत चालत गेले, पेरणी करतात तसे. ओळ संपली की वळायचे, पुढची ओळ धरायचे. बाई त्यांच्या मागं होती. घमेलं रिकामं झालं की तिचं भरलेलं त्यांच्या हातात द्यायची. तिच्या पायात वहाणा नव्हत्या. आणि ती पाच हात मागं नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही जुड्या बांधत होतो. मग बाईनं, मान वर न करता, विचारलं, "कशात गुंडाळली हुती?"

आबा जुडीच्या सुतळीला गाठ मारत राहिले. "माझ्या पटक्यात," ते म्हणाले.

माझ्या हातातली पात तशीच राहिली. भिंतीवरच्या खुंटीला आबांची पांढरी टोपी होती. मी तिच्याकडं बघितलं. बाईही तिकडंच बघत होती. मग ती उठली, चुलीवरचं माडगं वाट्यांत ओतलं आणि पहिली वाटी आबांपुढं ठेवली. मी त्यानंतर त्या टोपीबद्दल कॉलेजात कोणाला काही सांगितलं नाही. वक्तृत्व स्पर्धेतही नाव दिलं नाही. परीक्षकांनी त्याबद्दल कधी हळहळ व्यक्त केल्याचं माझ्या कानावर नाही.

सामने झाले, आमच्याच गावात. माती अजून बसली नव्हती, पाय घोट्यापर्यंत रुतायचे. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो आणि त्यात माझा वाटा मोठा होता. चढाईला गेलो, समोर दांडगे गडी बघितले आणि मधेच दम तुटला. तोंडातून 'कबड्डी' ऐवजी 'आई गं' निघालं. त्यांनी मला उचलून आपटलं. मऊ मातीत पडलो, काही लागलं नाही. पण बांधावर बसलेली बाई उठून उभी राहिली होती. भोंग्यावर सामन्याचं वर्णन चाललं होतं, तालुक्याची माणसं जमली होती, आणि सगळ्यांच्या वर आवाज, "लागलं का रं?" पोरं पुढं वर्षभर मला 'लागलं का रं' म्हणूनच हाक मारायची. बाई त्यानंतर प्रत्येक सामन्याला आली, हातपाय चालत होते तोवर. कबड्डीतलं तिला काहीही कळायचं नाही. कोण जिंकलं ते घरी येऊन मलाच विचारायची. पण मैदानावर पोरगं पडलं, आपलं असो की परक्या गावचं, की ती उठून उभी राहायची आणि ते उठेपर्यंत बसायची नाही.

ती गेली, आबा गेले, गोदाआत्या तर केव्हाच. पंचायत गेली, खोली पाडली, मळ्यावर आमची सोसायटी उभी राहिली. मी तिसऱ्या मजल्यावर, साधारण मेथीच्या वाफ्याच्या वर, झोपतो. मातीची रीत मात्र अडखळत का होईना चालू आहे. आता कोणाकडं रान नाही. जुन्या घरांतली माणसं नर्सरीतून पिशवीत माती आणतात, आणि फ्लॅटमधली पोरं, त्यांना मी फक्त एवढंच सांगितलंय की हा मैदानाचा वाढदिवस असतो, बाल्कनीतल्या कुंडीतली माती वाटीत घेऊन येतात. एकदा एकानं तुळशीसकट आणली. त्याची आजी अजून माझ्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात महापालिकेकडून एक इंजिनिअर मुलगी आली. मैदानाचं काम मंजूर झालं होतं. पाणी रस्त्यावर येतं म्हणून मैदान खोदून रस्त्याच्या पातळीला आणायचं, कडेनं फरशी. माझ्या शेजाऱ्यांनीच अर्ज केला होता. तिच्याबरोबर एक माणूस होता, हातात फक्कीची पिशवी. ती बघून मला हसू आलं, एवढं की मुलीनं विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" मी तिला बाकावर बसवलं आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, भाषणासकट, डोझरखाली वाकून बघितलं त्यासकट. ती हसली नाही. मोबाइल पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "काका, मग नक्की कुठे आहे ते दाखवाल का? तेवढा भाग आम्ही सोडून देतो."

मी त्या मुलीकडं बघत राहिलो. चांगली होती, मनापासून विचारत होती. मीही मनापासूनच विचारलं होतं. म्हणालो, "बाळ, मला कोणी दाखवलेलं नाही."

ती मैदानाकडं बघत बसली. शाळा सुटलेली पोरं क्रिकेट खेळत होती, नेहमीसारखी भांडत. तिनं उठून त्या माणसाला हाक मारली, "दादा, रेघ रस्त्याच्या कडेनं मारा. आत नको." मग मला म्हणाली, "गटार बाहेरून घेता येईल का बघते. साहेबांना पटवावं लागेल. पण मैदान एवढंच उंच ठेवायचं तर पायऱ्या द्याव्या लागतील, काका. लहान मुलं चढणार कशी?" साहेबांना पटलं की नाही हे अजून कळलेलं नाही. रेघ मात्र बाहेरून आहे; मी रोज सकाळी जाऊन बघतो, पुसट झाली तर शाळेतून मूठभर फक्की आणून टाकतो. त्या कामाचा मला जुना अनुभव आहे.

ती गेल्यावर मी तसाच बसून होतो. चेंडू उंच उडाला, एक बारकं पोरगं वर बघत मागं मागं पळत आलं आणि धपकन पडलं. मातीच ती, मऊ. ते लगेच उठलं, चड्डी झटकली आणि पळालं. मग माझ्याकडं वळून म्हणालं, "आजोबा, तुम्ही उभे का राहिलात?"